आधी पाणी, मग कॅमेरा

दिवाळी झाली, मालवणचं पाणी निवळू लागलं, की मला फोन यायला लागतात. कुणी डिसेंबरात अंदमानला निघालेलं असतं, कुणी नुकतंच तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करून आलेलं असतं. 'मावशी, पाण्याखालचा कॅमेरा घ्यायचाय. कुठला घेऊ?' पाठोपाठ दोन-तीन मॉडेलांची नावं आणि सेल कधी संपतोय ती तारीख. मी विचारते, 'डुबणार कुठे?' पलीकडे क्षणभर शांतता. कॅमेऱ्याचं विचारलं तर ही बाई गावाचं नाव का विचारते, असा त्या शांततेचा अर्थ. पण मालवण, नेत्राणी, गोव्याचं ग्रँड आयलंड आणि अंदमान असं बरीच वर्षं फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय. कॅमेरा पाणी बघून घ्यावा, खोक्यावरचा फोटो बघून नव्हे. खाली जे सांगतेय ते सगळं याच मताच्या आजूबाजूचं आहे.

१. सुरुवातीच्या डाइव्हना हात रिकामे ठेवा

पर्यटकांसाठी असते ती पहिली डाइव्ह असेल, तर कॅमेऱ्याचा प्रश्नच येत नाही. मालवणात गाइड तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवतो, व्हिडिओही तोच काढतो आणि नंतर तो तुमच्या फोनवर येतो. तेवढ्यासाठी काही विकत घेऊ नका. ओपन वॉटरचा कोर्स झाला, १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळाली, तरी लगेच नको. माझी कसोटी साधी आहे. तळापासून हातभर वर, फिन्स न मारता आणि हात न हलवता मिनिटभर एका जागी राहता येतं का? श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, एवढीच हालचाल. हे जमत नसेल तर कितीही भारी कॅमेरा घ्या, फोटो हललेलेच येणार, आणि तुमच्या फिन्सचे फटके खालच्या प्रवाळाला बसणार ते वेगळंच.

यात एक धोका आहे. कोर्समध्ये बजावून सांगितलेला असतो, तरी कॅमेरा हातात आला की लोक तो विसरतात. जमिनीवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण नकळत श्वास रोखतो. स्कूबात श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. श्वास रोखून माणूस दोन-चार मीटर जरी वर सरकला, तरी बाहेरचा दाब कमी होऊन फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. कासव वर जातंय, त्याच्या मागे आपणही कॅमेरा रोखून वर जातोय, आणि छातीत श्वास अडकलेला, हा प्रसंग किती सहज घडू शकतो बघा. त्यामुळे श्वास हळू सोडत सोडत बटण दाबायची सवय घरात, फोनवर फोटो काढतानाच लावून घ्या. चित्रं छान येतात की नाही, ही पुढची गोष्ट.

२. आपलं पाणी हिरवं आहे, हे मान्य करा

जाहिरातीतलं पाणी निळंशार असतं. आपल्या किनाऱ्यावर नद्यांनी आणलेला गाळ, पाण्यात तरंगणारं प्लवक आणि उथळ तळ असं सगळं मिळून पाणी हिरवट होतं. मालवणात चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंतचं दिसतं, वाईट दिवशी स्वतःचे फिन्स धड दिसत नाहीत. 'आज पाणी बरा आसा' असं होडीवाला म्हणाला, तर ते मालवणच्या हिशेबाने बरं, हे लक्षात ठेवायचं. नेत्राणीला त्याहून बरं, आणि अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पंधरा-वीस मीटर सहज दिसतं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर पाणी निळं आहे, पण तिथे जायचा योग यावा लागतो.

या फरकामुळे कॅमेऱ्याची निवडच बदलते. पाणी प्रकाश गिळतं, आणि सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाच मीटरवरच लाल फिका पडतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा. मासळी बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी पंधरा मीटरवर करड्या-तपकिरी रंगाची दिसते. तेवढ्या खोलीवर कालवाच्या शिंपल्याने बोट कापलं, तर रक्तसुद्धा हिरवट दिसतं. घाबरायचं कारण नाही, वर आलं की ते लालच असतं.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. रंग फक्त खोलीने जातात असं त्यांना वाटतं. पण सूर्यापासून माशापर्यंत जितकं पाणी असतं त्यात माशापासून तुमच्या लेन्सपर्यंतचं पाणीही मिळवायचं असतं. तीन मीटर खोलीवर पोहणारा गोबरा तुम्ही चार मीटर लांबून टिपलात, तर लाल रंगाच्या दृष्टीने तो सात मीटरवरच आहे. शिवाय मधला सगळा गाळ फोटोत येतो. म्हणून पाण्याखाली झूम हे बटण नाहीच असं समजावं. जवळ जायचं, मग आणखी जवळ जायचं. मीटरभराच्या आत पोहोचता येत नसेल तर तो फोटो सोडून द्यायचा आणि नुसतं बघायचं.

आता निवडीकडे वळू. मुख्यतः मालवण, गोवा, नेत्राणी असाच कार्यक्रम असेल, तर रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा तुम्हाला रुंद हिरवा अंधार टिपून देईल. तुम्हाला अगदी जवळचं, बोटभर आकाराचं टिपणारा कॅमेरा हवा. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव अशीच वारी असेल तर गणित वेगळं.

३. चार जाती, आणि त्यांतली एक सध्या विसरा

फोन आणि त्याचं हाउसिंग, म्हणजे जलरोधक डबी, हा पहिला मोह. फोन आयपी ६८ आहे, म्हणजे पाण्यात चालतो, असं लोक सांगतात. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, थोड्या वेळासाठी केलेली असते. स्कूबासाठी फोनला वेगळी डबी लागतेच. डब्या चांगल्या मिळतात, ४० मीटरपर्यंत चालणाऱ्याही मिळतात. फोटोही उत्तम येतात, कारण हल्लीच्या फोनचे कॅमेरे उत्तम आहेत. पण ज्या फोनवर परतीचं तिकीट, बँक, यूपीआय आणि घरच्यांचे नंबर आहेत, तोच समुद्रात न्यायचं मला काही पटत नाही. जुना, बिनसिमचा फोन पडून असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी जात ॲक्शन कॅमेऱ्यांची. गोप्रो, डीजेआय ऑस्मो ॲक्शन. लहान, दणकट, व्हिडिओ सुरेख, एक बटण दाबलं की काम सुरू. निळ्या पाण्यात, माशांच्या झुंडीत, बुडालेल्या जहाजाभोवती, मित्रांचं चित्रीकरण करायला याला तोड नाही. दोन उणिवा. बहुतेकांचा फोकस ठरलेला असतो, त्यामुळे वीतभर अंतराच्या आत गेलं की चित्र विरतं. आणि स्थिर फोटोत तो कॉम्पॅक्टच्या मागेच राहतो.

तिसरी जात माझी आवडती, खडबडीत कॉम्पॅक्ट. ऑलिंपसचा टीजी-६ हा २०१९ चा, त्याच्या पुढचा टीजी-७ हा २०२३ चा, आणि तो ओएम सिस्टीम या नावाने विकला जातो. यांचं खरं बळ मायक्रोस्कोप मोडमध्ये आहे. लेन्सपासून १ सेंटीमीटरवरच्या वस्तूवर फोकस होतो. मालवणच्या खडकावर नखाएवढी न्युडिब्रँक, म्हणजे बिनकवचाची समुद्री गोगलगाय, सरपटत असते. डोळ्यांना तो एक ठिपका दिसतो. स्क्रीनवर तिच्या पाठीवरचे पिसांसारखे कल्ले एकेक मोजता येतात, डोक्यावरची दोन शिंगंही दिसतात. आणि लेन्स व गोगलगाय यांच्यात पाणीच उरलेलं नसल्यामुळे पाणी हिरवं आहे की निळं, याला काही अर्थ राहत नाही. व्हिजिबिलिटी तीन मीटर असलेल्या दिवशी सगळी बोट चरफडत परत येते, तेव्हा टीजीवाला खुशीत असतो. पश्चिम किनाऱ्यावर डुबणाऱ्याने पहिला कॅमेरा हाच घ्यावा असं मी सांगते, आणि व्हिडिओप्रेमी माझ्याशी भांडतात.

याच वर्गात पूर्ण सीलबंद कॅमेरेही असतात. सीलाइफ मायक्रो हा तसा. उघडायचं दारच नाही, मेमरी आत, बॅटरी आत, ६० मीटरपर्यंत चालतो. पाणी शिरायची भीती नाही. पण बॅटरी म्हातारी झाली की ती स्वतः बदलण्याची सोयही नाही. विसराळू माणसाला मी हाच सुचवते.

चौथी जात मिररलेसची. कॅमेरा, त्याहून महाग हाउसिंग, लेन्सप्रमाणे वेगळे पोर्ट, दोन स्ट्रोब, म्हणजे बाहेरून जोडायचे फ्लॅश. पहिला कॅमेरा म्हणून याचं नावही काढू नये.

४. खोक्यावरचा मीटरचा आकडा

गोप्रोवर १० मीटर, टीजीवर १५, ऑस्मो ॲक्शन ५ प्रोवर २० असं लिहिलेलं असतं. आकडे खरे आहेत. पण ओपन वॉटरवाला १८ मीटरला जातो, तिथे बाहेरचा दाब किनाऱ्यावरच्या पावणेतीनपटीहून थोडा जास्त असतो, आणि कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण एका बारीक रबरी पट्टीवर तग धरून असतं. त्यात आपण होडीवरून उडी मारतो, तो धक्का वेगळा. हाउसिंगशिवायचा आकडा स्नॉर्केलिंगसाठी आहे असं समजा आणि हाउसिंग धरूनच बजेट करा. गोप्रोचं हाउसिंग ६० मीटरपर्यंत चालतं, टीजीचं ४५. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर आहे, तेव्हा एवढं भरपूर झालं. आणखी एक फायदा असा की हाउसिंगमध्ये थेंब शिरला तरी आतला कॅमेरा स्वतःच जलरोधक असतो. विम्याचा हप्ता न भरता मिळालेला विमा.

५. दुसऱ्या कॅमेऱ्याऐवजी दिवा घ्या

पाण्याखालचे फोटोवाले पहिल्यापासून प्रकाशासाठीच धडपडत आलेत. १९२६ साली फ्लोरिडाच्या समुद्रात विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, तो हॉगफिशचा. त्या एका माशासाठी त्यांना पाण्यावर तराफा ठेवून मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट करावा लागला होता. आपल्याला मुठीत मावणारा दिवा पुरतो, तरी लोक तो घ्यायचं टाळतात आणि सगळे पैसे कॅमेऱ्यात घालतात. माझा हिशेब उलटा. साधा कॅमेरा आणि चांगला दिवा ही जोडी बिनदिव्याच्या महागड्या कॅमेऱ्याला हरवते.

कॅमेऱ्यातला फ्लॅश मात्र जपून वापरा. तो लेन्सला चिकटून असतो. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात गाडीचा अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच इथे पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि माशाऐवजी बर्फ पडल्याचा फोटो येतो. उपाय हा की दिवा लेन्सपासून दूर, बाजूला, हातभराच्या दांडीवर लावायचा आणि थोडा बाहेरच्या बाजूला वळवायचा, म्हणजे लेन्सच्या अगदी समोरचं पाणी अंधारात राहतं. व्हिडिओ करायचा असेल तर सतत जळणारा दिवा, फोटोच काढायचे असतील तर स्ट्रोब. सुरुवातीला एक व्हिडिओ लाइट घेऊन दोन्ही भागतं, अगदी जवळच्या फोटोंना तर छानच.

लाल फिल्टरबद्दल विचारतात. निळ्या पाण्यात, साधारण पाच ते वीस मीटरच्या दरम्यान, फक्त सूर्यप्रकाशावर काम चाललं असेल तर तो कामाचा. दिवा लावला की काढून ठेवायचा. हिरव्या पाण्यासाठी लालऐवजी मॅजेंटा मिळतो, पण त्या पाण्यात फिल्टरमागे लागण्यापेक्षा दोन वीत पुढे सरकणं फुकटात होतं.

६. ओ-रिंगला वेळ द्या

हाउसिंगच्या झाकणात एक रबरी कडी असते, ती ओ-रिंग. तुमचा कॅमेरा आणि समुद्र यांच्यामध्ये तेवढंच असतं. ती आदल्या रात्री, खोलीत, शांतपणे तपासायची. सकाळी होडीवर, उन्हात, ओल्या हाताने, कुणीतरी 'चला, चला' करत असताना अजिबात नाही.

पंखा बंद करा, दिव्याखाली बसा, टेबल पुसून घ्या. कडी काढताना टोकदार काही वापरू नका. जुनं प्लास्टिकचं कार्ड चालतं. मग ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हळूहळू पूर्ण फिरवा. वाळूचा कण डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतो. ज्या खाचेत ती बसते ती खाच दिव्याकडे तिरपी धरून बघा, कारण तिथे टॉवेलचा धागा, केस, मीठ असं काय काय लपलेलं असतं. एक केस आडवा पडला तरी पाणी वाट काढतं. सिलिकॉन ग्रीस शेंगदाण्याच्या सालीइतकंही नको. कडी नुसती चमकायला हवी. पाणी ग्रीसने अडत नाही, ते अडतं रबर दाबलं गेल्याने. ग्रीस फक्त कडी मऊ ठेवायला आणि खाचेत नीट सरकायला असतं. जास्त लावलं की वाळू धरून ठेवतं. ग्रीस कंपनी सांगेल तेच, कारण भलत्या ग्रीसने काही रबरं फुगतात.

नवीन हाउसिंग पहिल्या डाइव्हला रिकामं न्या, आत टिश्यू पेपरची घडी घालून. वर आल्यावर कागद कोरडा असला की मगच कॅमेरा आत. गळती बहुतेक वेळा पहिल्या मीटर-दोन मीटरमध्येच दिसते. खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण घट्ट बसवतो. म्हणून उतरल्या उतरल्या हाउसिंग डोळ्यांसमोर धरून बुडबुडे येताहेत का बघायचं. आणि खाली असताना आत पाणी दिसलंच तर? कॅमेऱ्याची आशा सोडायची, पण वर यायचा वेग तोच, मिनिटाला ९ मीटरच्या आत, आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबाही तोच. पैसे परत मिळवता येतात.

काचेवर धुकं येणं हा कोकणातला वेगळा छळ. दमट हवा आत कोंडली, कॅमेरा तापला, बाहेर पाणी त्याहून थंड, की काच आतून धुरकटते. एसी असलेल्या खोलीत हाउसिंग बंद करा, तिथली हवा कोरडी असते. सिलिका जेलची पुडी किंवा धुकं शोषणारी पट्टी आत ठेवा, पण ती कडीखाली अडकत नाही ना, ते बघा.

७. चाळिशी लागली असेल तर

याबद्दल कुणी बोलत नाही. पंचेचाळिशीनंतर ॲक्शन कॅमेऱ्याच्या पाठीवरची टिचभर स्क्रीन मास्कमधून वाचता येत नाही. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्याचा थोडा आधार मिळतो, पण फोकस बसलाय की नाही ते कळायला तेवढं पुरत नाही. मास्कच्या खालच्या भागात चिकटवायची वाचनाची भिंगं मिळतात. ती घ्या, आणि कॅमेरा निवडताना मोठ्या स्क्रीनचा निवडा. दुकानात चष्मा काढून मेनू वाचून पाहा.

८. जुना घेताना, दुबईहून मागवताना

हाउसिंग ठरावीक मॉडेलपुरतंच असतं. एक बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी ते बसत नाही. म्हणून आधी हाउसिंग मिळतंय का ते बघा, मग कॅमेरा ठरवा. टीजी-६ चं हाउसिंग टीजी-७ ला चालतं, ही दुर्मीळ मेहेरबानी. जुना संच मिळत असेल तर कॅमेऱ्यापेक्षा हाउसिंग बारकाईने तपासा. बिजागरी सैल आहे का, काचेभोवती बारीक तडे आहेत का, प्रत्येक बटण दाबल्यावर लगेच परत वर येतं का. न येणारं बटण म्हणजे आत मीठ साचलंय. दुबईच्या आतेभावाकडून स्वस्तात मागवत असाल तर वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारून घ्या, आणि त्याच खेपेला दोन जास्तीच्या ओ-रिंगा व ग्रीसची ट्यूब मागवा. ऐन हंगामात मालवणात ती मिळायची नाही.

९. होडी, दोरी आणि प्रवाळ

कॅमेरा हातात घेऊन उडी मारू नका. आधी तुम्ही उतरा, मग वरून कुणीतरी तो हातात देईल. बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या, रिंगला गुंडाळीची दोरी आणि क्लिप लावा, म्हणजे गरज पडली तर दोन्ही हात मोकळे होतात. सेल्फी स्टिक घरी ठेवा. अरुंद कपारीत ती प्रवाळांत घुसते.

आणि आता थोडं रागावून. फोटोसाठी प्रवाळावर कोपर टेकवून बसणारे लोक मी अंदमानात पाहिलेत. चांगल्या फोटोसाठी समुद्रघोड्याला काडीने वळवणारेही पाहिलेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना संरक्षण मिळालं. पण कायदा पाण्याखाली येऊन हात धरत नाही. एक बोट मेलेल्या खडकावर टेकवा, तेवढं चालतं. तेही न टेकवता फोटो काढता आला, तर तुमची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहणं, खरी. मायक्रोस्कोप मोडच्या नादात लेन्स जनावराच्या अंगाला भिडवणंही त्यातच आलं. ते मागे सरकलं तर तुम्हीही मागे सरका.

१०. शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यामध्ये

दररोज डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी १८ तास तरी कोरड्यात राहायचं असतं. पोर्ट ब्लेअरचं, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमचं, परतीचं विमान पकडणाऱ्यांना हा एक दिवस मिळतोच. तो कॅमेऱ्याला द्या. हाउसिंग बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा, आत असतानाच प्रत्येक बटण पाच-दहा वेळा दाबा, म्हणजे बटणांच्या दांड्यांभोवतीचं मीठ सुटतं. सेंटरच्या सामायिक टबात इतरांच्या जड कॅमेऱ्यांखाली ठेवू नका, काचेवर ओरखडे येतात. सावलीत वाळवा. उघडताना डोकं पुसून घ्या, नाहीतर केसांतून टपकलेला थेंब बरोबर बॅटरीवर पडतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात न्यायच्या, चेक-इन बॅगेत चालत नाहीत. आणि हाउसिंग पॅक करताना मुख्य ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत वेगळी ठेवा. झाकण बंद असेल, तर विमानात हवेचा दाब कमी होऊन आतली हवा कडेने बाहेर जाते आणि खाली उतरल्यावर ते असं घट्ट बसतं की घरी पोहोचून दोघांनी ओढलं तरी उघडत नाही.